गेलेले माइक

सोमवार, ३ फेब्रुवारी

ही वही माइकच्या नोंदींसाठी काढली आहे. मनातलं लिहायची सवय मला नाही आणि त्रेपन्नाव्या वर्षी ती लावून घ्यायचीही नाही. पण आज जे झालं ते लिहिल्याशिवाय पुढच्या नोंदींना आगापिछा राहणार नाही.

नमुना परत आला.

अंध वाचकांसाठी पुस्तकं ध्वनिमुद्रित करून घेणारं एक ग्रंथालय आहे. सहावी ते आठवीची सगळी क्रमिक पुस्तकं ते एकाच माणसाकडून करून घेणार आहेत. वर्षभराचं काम. मी दहा पानांचा नमुना पाठवला होता. वाचन हिचं, बाकी सगळं माझं. त्यांच्या तपासनिसांचं पत्र आलं, साडेचार ओळींचं. ‘वाचन उत्तम. ध्वनी मात्र फार तीक्ष्ण. स, श, च ही अक्षरं टोचतात. आमचे वाचक दिवसाला चार-चार तास ऐकतात, त्यांना हे सोसणार नाही. दहा मार्चपर्यंत दुसरा नमुना आल्यास विचार करू.’

टोचतात! मला तर तो नमुना थोडा मंदच वाटला होता, म्हणून ट्रेबल, म्हणजे आवाजाचा बारीक, वरचा भाग, दोन खुणा वर घेतला होता. सव्वीस वर्षं मी स्टुडिओत खुर्चीवर बसून ऐकलं. कुठल्या कॉलेजात गेलो नाही. तारा सोलण्यापासून सुरुवात केली आणि शेवटी असं होतं की वादक, गायक, मालक, कुणाचंही अडलं की ‘कानसाहेबांना ऐकवा’ म्हणायचे. कानसाहेब म्हणजे मी. मालकाने गेल्या वर्षी स्टुडिओ बंद केला तेव्हा सगळं सामान विकलं. मला विकता आलं नाही, म्हणून मी घरी आलो.

मागच्या खोलीत भिंतींना जाड ब्लँकेटं लावली, दाराच्या फटीत रबर बसवलं. हे काम मिळालं नाही तर त्या खोलीत नुसती ब्लँकेटं राहतील आणि या खोलीत मी.

पत्र हिने वाचून दाखवलं. मग म्हणाली, “त्यांचं थोडं खरं असेल का हो?”

मी तिच्या हातून पत्र घेतलं आणि खणात ठेवून दिलं.

बुधवार, ५ फेब्रुवारी

दोन दिवस विचार केला. दोष माइकचा आहे. हे हल्लीचे स्वस्त माइक वर काचेसारखे खणखणतात आणि तरी त्यांत उजेड नसतो. हिच्या आवाजाला जुना डायनॅमिक माइक पाहिजे. आत एक पातळ पडदा, पडद्याला तारेचं वेटोळं, मागे चुंबक. बस. आवाजाने पडदा हलतो, वेटोळं हलतं, वीज तयार होते. बॅटरी नको, नखरे नकोत. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचे हे माइक आवाजाला अंगाखांद्यावर घेतल्यासारखे घेतात. खोलीतली भणभण, रस्त्यावरचा आवाज, पंखा, यांच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. घरात ध्वनिमुद्रण करायचं तर हेच.

चुंबकवाल्यांकडे गेलो. खरं नाव सगळे विसरलेत. सत्तरीचे आहेत, जिन्याखालच्या दुकानात बसून जुने माइक आणि कर्णे दुरुस्त करतात. नव्या माइकचं नाव काढलं की यांच्या कपाळावर आठ्या पडतात.

“वाचायला पाहिजे? बाईमाणसाचा आवाज?” त्यांनी विचारलं. “मग तीन देतो. घरी ऐका. आवडेल तो ठेवा, उरलेले आणून द्या. पडदे तिन्हींचे मी स्वतः तपासलेत.”

ते तिघे असे. एक बुटका आणि वजनदार, याला मी ठोंब्या नाव दिलं. एक गोल जाळीचा, कंदिलासारखा, तो कंदील. तिसरा लांबट, करड्या रंगाचा, तो लांबट. माइकांना नावं देणं पोरकटपणा आहे, पण नोंदीत सोयीचं पडतं.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

ठोंब्या. चाचणीची पद्धत लिहून ठेवतो, म्हणजे तिघांना सारखा न्याय मिळेल.

अंतर: तोंडापासून एक वीत आणि चार बोटं. कोन: थोडा तिरका, म्हणजे प, फ, भ यांचे फुंकारे थेट पडद्यावर बसत नाहीत. मजकूर: सहावीच्या विज्ञानातला पाण्याच्या वाफेचा धडा, पान एक. शेवटी किल्ल्या. किल्ल्यांची चाचणी आमच्या धंद्यात जुनी आहे. बारीक किल्ल्यांचा जुडगा माइकपुढे हलवायचा. पडद्यात जीव असेल तर वरचा किणकिणाट स्वच्छ येतो. पडदा ताठरला असेल तर नुसती खडखड येते. माणसाचा आवाज फसवतो, किल्ल्या फसवत नाहीत.

ही वाचत होती, मी हेडफोन लावून ऐकत होतो. आवाज गोधडीखालून आल्यासारखा. मग हिने किल्ल्या हलवल्या. खडखड. तीही लांबून.

ठोंब्या गेलाय. चुंबकवाले म्हणे पडदा तपासला. डोळ्यांनी तपासला असेल.

रविवार, ९ फेब्रुवारी

मुलीचा फोन होता. दूर शिकते, आठवड्यातून एकदा फोन करते. काय बोलली ते अर्धं कळलं नाही. या पोरांना फोन तोंडाजवळ धरायचाही कंटाळा. “नीट बोल, ओठ हलव,” म्हटलं तर म्हणाली, “बाबा, मी ओरडतेय.” शेवटी ‘आईला दे’ एवढं समजलं. मग दोघी अर्धा तास बोलत होत्या.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

कंदील लावला. दिसायला राजा. जाळी इतकी देखणी की हातात धरून बसावंसं वाटतं. निकाल तोच. वरचा भाग कापून काढल्यासारखा. स आणि फ यांत फरक कळेना.

हिला बाहेर बोलावून हेडफोन दिले. ऐकून म्हणाली, “मला तर छान वाटतोय. पहिल्यापेक्षा कितीतरी मऊ.”

“मऊ नाही, मेलेला आहे. ट्रेबल चढवतो, आता ऐक.”

मी चढवला तशी हिने एक हेडफोन कानापासून दूर धरला. “अहो, नको! टोचतंय.”

“तू वाचणारी आहेस. ऐकणं निराळं असतं.”

“बरं,” म्हणाली आणि उठून आत गेली. हिचं हे ‘बरं’ मला सत्तावीस वर्षं माहीत आहे. त्यात काहीच बरं नसतं. हल्ली ही पुटपुटतेसुद्धा फार. स्वयंपाकघरात पाठ करून काहीतरी बोलते आणि मग मी उत्तर दिलं नाही म्हणून उसासा टाकते. शाळेत शेवटच्या बाकापर्यंत आवाज पोचवणारी बाई, लवकर निवृत्ती घेतल्यावर घरात ओठांतल्या ओठांत बोलायला लागली. थकली असेल.

दुपारी आणखी एक वैताग. नवीन प्लग मागवले होते. कुरिअरवाला दाराला चिठ्ठी चिकटवून गेला, ‘घर बंद’. मी बाहेरच्या खोलीत, बेलपासून सहा पावलांवर बसलेलो! फोन करून त्याला झापला. तो म्हणतो, “साहेब, चार वेळा बेल दाबली.” खोटं बोलतानासुद्धा आकडा सांगतात, म्हणजे खरं वाटावं.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

ठोंब्या आणि कंदील परत दिले.

चुंबकवाल्यांनी दोन्ही माइक आपल्या जुन्या स्पीकरला लावून माझ्यासमोर किल्ल्या वाजवल्या. “हे बघा. याहून स्वच्छ काय पाहिजे तुम्हाला?”

मला दुकानाबाहेरच्या रहदारीच्या आवाजात काही नीट कळत नव्हतं, पण अंदाज घ्यायला मला वेळ लागत नाही. म्हटलं, “तुमच्या स्पीकरची सवय झालीय तुम्हाला. पडदे गेलेत.”

“पडदे गेलेत?” त्यांनी पाना खाली ठेवला. “चाळीस वर्षं हेच करतोय मी, कानसाहेब.”

“म्हणूनच सांगतोय. एवढ्या वर्षांनी कान दमतात.”

त्यांनी दोन्ही माइकांच्या तारा काढल्या. लांबट अजून माझ्याकडे आहे, तो त्यांनी मागितला नाही.

संध्याकाळी बारक्याचा फोन. स्टुडिओतला जुना सोबती, आता एका सभागृहाचं ध्वनीचं काम बघतो. चुंबकवाल्यांकडून सहा जुने माइक घ्यायचं ठरवतोय, माझं मत काय म्हणून विचारत होता. मी स्पष्ट सांगितलं, दोन तपासले, दोन्ही मेलेले. “तू म्हणतोस म्हणजे विषय संपला,” म्हणाला. धंद्यात अजून माझ्या शब्दाला किंमत आहे हे ऐकून बरं वाटलं. बऱ्याच दिवसांनी.

सोमवार, १७ फेब्रुवारी

लांबट. अंतर कमी केलं, प्रीअँपवर माइकचा आवाज वाढवला, तार बदलली, ब्लँकेटं काढून पुन्हा लावली. ही एकच पान सकाळपासून अकरा वेळा वाचते आहे. पाण्याची वाफ होते, वाफेचे ढग होतात. नवव्या वेळेला ‘ढगांची वाफ होते’ असं वाचून हसली. मी हसलो नाही. चाचणीत चूक म्हणजे चूक.

संगणकावर आलेख काढून पाहिला. त्यात बारीक, वरच्या आवाजांच्या जागी उंचच उंच रेघा दिसतात. त्यावर जावं तर हा माइक तिखट म्हणावा लागेल! ही यंत्रं काय वाटेल ते काढून दाखवतात. मी कधी डोळ्यांनी ऐकलेलं नाही, आता सुरू करणार नाही.

ट्रेबल पाच खुणा वर नेला तेव्हा कुठे मला जरा शब्दांच्या कडा दिसायला लागल्या. हिला ऐकवलं. हिने दोन मिनिटांत हेडफोन काढून टेबलावर ठेवले आणि कपाळ दाबत बसली.

“डोकं चढलंय. उद्या करू या.”

“दहा मार्च उद्यावर ढकलता येत नाही.”

“माझा घसाही उद्यावर ढकलता येत नाही,” ती म्हणाली. हे मात्र स्पष्ट ऐकू आलं.

गुरुवार, २० फेब्रुवारी

काही केलं नाही. दमलो आहे. खांदे दुखतात. कान शेकून पाहिले, जड झाल्यासारखे वाटतात. हवेमुळे असेल.

शनिवार, २२ फेब्रुवारी

जसं झालं तसं लिहितो.

सकाळी साडेअकरा. लांबटाचीच चाचणी. ही आत टेबलाशी, मी दाराबाहेर यंत्राशी. पान वाचून झालं, किल्ल्यांची पाळी आली. हेडफोनमध्ये काहीच नाही. आज खडखडसुद्धा नाही. मला वाटलं तार सुटली. हेडफोन काढून गळ्यात अडकवले, आत गेलो आणि स्टँडपाशी गुडघ्यावर बसून माइकच्या बुडाचा प्लग चाचपायला लागलो. प्लग घट्ट होता. हिच्याकडे न बघताच म्हटलं, “वाजव ना.”

“वाजवतेय,” ती म्हणाली.

मी वर पाहिलं. किल्ल्या माझ्या चेहऱ्यापासून हातभर लांब होत्या. कपाटाच्या, पेटीच्या, सायकलच्या कुलपाच्या, सगळ्या बारीक किल्ल्या. हिचं मनगट हलत होतं. किल्ल्या एकमेकींवर आपटत होत्या, मला दिसत होतं. मध्ये ना तार होती, ना पडदा, ना चुंबक.

मी तिचा हात धरला आणि थांबवला. मग सोडला. “पुन्हा.”

तिने पुन्हा हलवल्या. मी कान जवळ नेला. अगदी जवळ नेल्यावर, जुडग्यातली त्यातल्या त्यात जाड अशी पेटीची किल्ली आपटते तिचा ठक असा आवाज आला. बाकी काही नाही.

ती हळूहळू हलवायची थांबली. आम्ही दोघंही त्या ब्लँकेटांच्या खोलीत तसेच बसून राहिलो. ती खुर्चीवर, मी खाली. मग ती काहीतरी बोलली. मला तिचे ओठ दिसले.

“काय?” म्हटलं.

तिने मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून सांगितलं, “जमिनीवर बसू नका. गार आहे.”

रविवार, २३ फेब्रुवारी

विचारलं, कधीपासून?

म्हणाली, “दोन वर्षं तरी. बेल वाजते, तुम्हाला कळत नाही. टीव्ही खालच्या मजल्यावर ऐकू जातो. पोरगी म्हणते, बाबा माझं फक्त ‘बाबा’ एवढंच ऐकतात.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“सांगितलं. तीनदा. एकदा तर जिन्यात, सगळ्यांच्या देखत.” मग थोडी थांबून म्हणाली, “ऐकू आलं नसेल.”

ती चेष्टा करत होती की नाही कळलं नाही. तोंड सरळ होतं. मग माझ्याकडे बघून तिचं तोंड सरळ राहिलं नाही आणि तिने पदराने डोळे पुसले, हसून की कशाने ते मी विचारलं नाही.

माझा पहिला नमुनाही आज पुन्हा काढला. ऐकला नाही. आलेखच पाहिला. वर जंगल माजलंय. मला ऐकू यावं म्हणून मी ते सगळं वर खेचलं होतं, आणि ते दिवसाला चार-चार तास ऐकणाऱ्यांच्या कानांत ओतायला निघालो होतो.

बुधवार, २६ फेब्रुवारी

कानाच्या डॉक्टरांकडे. तपासणी करणारी मुलगी पंचविशीची असेल. एका पेटीसारख्या खोलीत बसवलं, हेडफोन लावले (उजव्याची गादी झिजलेली, बाहेरचा आवाज आत येत असणार, हे तिला सांगितलं), हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं.

पहिले आवाज आले. जाडे, मग जरा वरचे. मी दाबत गेलो. मग एकदम काही येईना. पण मी सव्वीस वर्षं लयीत काम केलेला माणूस. दोन आवाजांमधलं अंतर माझ्या अंगात बसलं होतं. काचेतून तिचा खांदा दिसत होता, तो किंचित हलला की सूर सुटत असणार असाही हिशेब केला. त्या अंदाजाने दाबत राहिलो.

थोड्या वेळाने तिने दार उघडलं. अगदी हळू आवाजात म्हणाली असेल, पण ओठ मोठे हलवून: “काका, मी आत्ता काहीच वाजवलं नव्हतं.”

मी बटण तिच्या हातात दिलं. तिने ते परत माझ्या हातात दिलं. “पुन्हा करू. घाई नाही.”

दुसऱ्यांदा मात्र डोळे मिटून बसलो. जिथे ऐकू आलं तिथेच दाबलं. फार दाबावं लागलं नाही.

कागद मिळाला. रेघ डावीकडून बरी चालत येते आणि मध्यावर आली की कडा तुटल्यासारखी खाली जाते. असा आलेख मला माइकचा दाखवला असता तर मी म्हटलं असतं, गेलाय, टाकून द्या. डॉक्टर म्हणाले, वर्षानुवर्षं मोठ्या आवाजात बसलात, त्यात वय. गेलेलं परत येत नाही. यंत्र लावा, बोलणं कळायला मदत होईल. “संगीताचं, मुद्रणाचं काम यंत्राने पूर्वीसारखं होईल का?” विचारलं. त्यांनी उत्तर द्यायच्या आधी हिच्याकडे पाहिलं, तेव्हा उत्तर मिळालं.

ही घरी येईपर्यंत माझा दंड धरून चालत होती. गाडी मागून आली तर कळावं म्हणून असेल. मी सोडवून घेतला नाही.

शनिवार, १ मार्च

तीन दिवस हे टाळत होतो. आज चुंबकवाल्यांकडे गेलो. वाटेत वाक्यं जुळवली होती. दुकानात शिरल्यावर एकही आठवलं नाही. खिशातला कागद काढून त्यांच्या समोर ठेवला.

त्यांना असले आलेख वाचता येतात. चष्मा वर करून पाहिला. “हा कुठला माइक?”

“मी.”

त्यांनी कागद घडी करून परत दिला. मग बराच वेळ एका कर्ण्याचा स्क्रू आवळत बसले. मी उभा.

“बारक्याने सहाचे सहा नको म्हणून कळवलं,” ते शेवटी मोठ्याने म्हणाले. “कारण विचारलं तर म्हणाला, कानसाहेबांनी सांगितलंय. मग दुसराही एकजण आला नाही. तोही तुमच्याच ओळखीचा.”

“मी बारक्याला सांगतो.”

“इथूनच सांगा. मला ऐकू दे.”

तिथेच उभं राहून फोन केला. बारक्याला म्हटलं, ते माइक चांगले होते, मलाच ऐकू येत नाही. दोनदा सांगावं लागलं, कारण पहिल्यांदा त्याला वाटलं मी चेष्टा करतोय. मग तो काय बोलला ते कळेना, म्हणून फोन चुंबकवाल्यांच्या हातात दिला. त्यांनी ऐकून घेतलं, ‘हं’ म्हटलं आणि फोन ठेवला.

“नवे घेतले त्याने. गेल्या आठवड्यात बसवलेसुद्धा.” मग माझ्याकडे न बघता, “वाईट वाटलं म्हणतो. तुमच्यासाठी.”

लांबट टेबलावर ठेवला. “कंदील पाहिजे होता,” म्हटलं. “घरात हिला तो आवडला होता. तेव्हाच.”

ते उठले, मागच्या फळीवरून कंदील काढला, जाळी फडक्याने पुसली, वर्तमानपत्रात गुंडाळला. “घेऊन जा. पण आता परत आणायचा नाही.”

“नाही आणणार.”

“आणि माझे कान दमलेत म्हणालात ते...” त्यांनी दोरा तोडला. “ते मला अजून गिळता आलेलं नाही. सांगून ठेवतो.”

बरोबर आहे त्यांचं.

बुधवार, ५ मार्च

तपासनिसांना फोन करायचं ठरवलं. लपवून नमुना पाठवता आला असता. पण वर्षभर लपवायचं म्हणजे मुद्रणापेक्षा तेच काम मोठं. फोनचा स्पीकर चालू केला, ही शेजारी बसली. ते बोलले की ती माझ्याकडे तोंड करून तेच पुन्हा म्हणायची. असा तिघांचा कारभार.

मी म्हटलं, तुमचं पत्र बरोबर होतं, दोष माइकचा नव्हता. माझे कान गेलेत. हे आधी सांगायला हवं म्हणून फोन केला.

ते म्हणाले (हिच्या तोंडून), “पहिल्याच पानावर लक्षात आलं होतं. आमच्यात असे नमुने येतात. जुने, अनुभवी लोक असतात. वरचं ऐकू येईनासं होतं आणि ते वर वर चढवत जातात. मला स्वतःला डोळ्यांनी दिसत नाही. दुसऱ्याला ‘तुमचे कान गेलेत’ असं पत्रात कसं लिहायचं? म्हणून साडेचार ओळींत आटोपलं.”

“मग आता मी नमुना पाठवू की नको?”

“पाठवा. आम्ही आवाज तपासतो, कुणाच्या कानांनी केला ते विचारत नाही. चांगला असेल तर घेऊ. नसेल तर नाही घेणार. दया म्हणून काम देणार नाही, एवढं आत्ताच सांगतो.”

हे शेवटचं वाक्य हिने पुन्हा म्हणायला थोडा वेळ लावला. मी म्हटलं, जसंच्या तसं सांग. तिने सांगितलं. मला ते आवडलं. गेल्या महिन्याभरात माझ्याशी कुणीतरी पहिल्यांदाच धंद्यातल्या माणसासारखं बोललं.

रविवार, ९ मार्च

उद्या नमुना गेला पाहिजे. आज सकाळी सातला बसलो.

कंदील, एक वीत चार बोटं. ट्रेबल मध्यावर, म्हणजे जसा आहे तसा, आणि त्याला हात लावायचा नाही म्हणून बटणावर चिकटपट्टी लावली. हात सवयीने तिकडे जातो. दोनदा गेला.

अडचण अशी की वाचणारी तीच आणि ऐकणारीही तीच. म्हणून पद्धत बसवली. ती एक पान वाचते. बाहेर येते. माझ्या खुर्चीत बसून हेडफोन लावून पूर्ण पान ऐकते. मी बाजूला उभा. चूक सापडली की बोट वर करते, मी वेळ टिपतो, ती आत जाऊन तेवढी ओळ पुन्हा वाचते, मी जोड देतो. जोड द्यायला हात लागतात, आणि ते अजून चांगले आहेत. कापायची जागा श्वासाच्या आधी की नंतर, हे मला अजून कुणी शिकवायला नको. स्टुडिओत एक पान पाच मिनिटांत व्हायचं. इथे पाऊण तास.

पहिल्या पानाला ती चार वेळा आत-बाहेर झाली. एकदा कागद सळसळला, एकदा जीभ टाळ्याला चिकटली, एकदा बांगडी किणकिणली, एकदा खिडकीबाहेर पक्षी ओरडला. यातलं मला काहीही ऐकू आलं नाही. पक्षी दिसला मात्र, काचेपलीकडे, चोच उघडून बसलेला.

ती ऐकत असताना मी तिच्याकडे बघत होतो. इतकी वर्षं हेडफोन माझ्या कानांवर असायचे आणि समोरचा माणूस माझा चेहरा वाचत उभा असायचा, बरं झालं की वाईट, हे ठरायची वाट बघत. तो असा उभा असतो हे मला माहीतच नव्हतं. पाय दुखतात.

पाचव्या खेपेला ती शेवटपर्यंत ऐकत राहिली. बोट वर झालं नाही. हेडफोन काढले.

“झालं,” ती म्हणाली, माझ्याकडे तोंड करून.

“नक्की? स? श? टोचत नाही?”

“नाही.”

“जरा वर चढवू का? थोडासा?”

“अहो.”

“बरं.”

स्टुडिओतला जुना तक्ता मी घरीही वापरतो. पान, वेळ, माइक, जोड किती, आणि शेवटी एक रकाना: ऐकून मंजूर. त्या रकान्यात सही केल्याशिवाय मुद्रण बाहेर जात नसे. मी पान, वेळ, कंदील, जोड चार, एवढं लिहिलं आणि पेन शेवटच्या रकान्यावर जाऊन थांबलं. मग तक्ता फिरवून तिच्यापुढे सरकवला.

तिने चष्मा लावला, रकान्याचं नाव वाचलं, माझ्याकडे पाहिलं. शाळेत प्रगतिपुस्तकांवर करायची तशी पूर्ण सही केली, खाली रेघसुद्धा ओढली.

“आता दुसरं पान काढा,” म्हणाली, “आणि आधी पाणी द्या. नऊ पानं बाकी आहेत.”